जावईबापू आणि सकर मासा

एका गावात एक भोळा जावई होता. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घ्या, तो मीच. 'भोळा' हा शब्द माझ्या आईचा. सासुरवाडीला दुसरा शब्द वापरतात, पण माझ्यासमोर नाही.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, रंगीत माशांचं दुकान होतं. मामांना मुलगा नाही. त्या वर्षी अधिक महिना आला आणि आम्हाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. मामा म्हणाले, "जावईबापू, आठवडाभर आधीच या. दुकानात बसा. जमलं, तर अनारशांच्या ताटात दुकानाची किल्लीच ठेवतो."

माझ्या दोन-तीन नोकऱ्या नुकत्याच सुटल्या होत्या. सुटल्या म्हणजे त्यांनीच मला सोडलं होतं. म्हणून बायको, मालन, हात जोडून म्हणाली, "अहो, हे दुकान हातचं घालवू नका. बाबा सांगतील तेवढंच करा. स्वतःची अक्कल चालवू नका."

"ती कुठून चालवू?" मी म्हटलं.

"तेही खरंच," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "या टाकीला शेवाळ चढलंय. ब्लेडनं खरवडून काढा." मी काढलं. टाकी लख्ख झाली. मामा खूश झाले. मला हुरूप आला. शेजारी एक मोठी, कोरी टाकी होती, डॉक्टर पाटणकरांनी दवाखान्यासाठी मागवलेली. तिच्यावर शेवाळ नव्हतं. तरी मी ती खरवडली. उद्या कुणी कामचुकार म्हणायला नको. तिच्यावर पांढऱ्या रेघाच रेघा उमटल्या.

मामांनी डोळे मिटून घेतले. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूला गाढव म्हणता येत नाही. मामांची खरी अडचण ही होती.

"जावईबापू," ते दातओठ खात, पण आदरानं म्हणाले, "ही काच नाही. हे ॲक्रिलिक आहे. टिचकी मारून बघायचं. टण वाजलं तर काच, डब वाजलं तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकला ब्लेड लावायचं नाही. मऊ फडक्यानं हळूच पुसायचं."

"बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूतात्या न्हावी मामांची दाढी करायला घरी आले. एक गाल झाला. दुसऱ्या गालाला ते ब्लेड लावणार, एवढ्यात मी पुढे झालो आणि मामांच्या गालावर टिचकी मारली. डब वाजलं.

"बाबूतात्या, थांबा! हे ॲक्रिलिक आहे," मी म्हटलं आणि वस्तरा काढून घेतला. मग मऊ फडक्यानं मामांचा गाल हळूच पुसला. दाढी काही निघाली नाही. बाबूतात्या मात्र निघून गेले, ते परत आले नाहीत.

मामा अर्धी दाढी घेऊन दुकानात बसले. "जावईबापू, टाकीचं ते टाकीपुरतं. ॲक्रिलिकच्या टाकीत ओरखडे काढणारा कुणी राहता कामा नये, एवढंच बघा. हा सकर मासा पाहिलात? तोंडानं भिंतीला चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो. त्यानं ॲक्रिलिकवर चरे पडतात. त्याची जागा काचेच्या टाकीत."

"म्हणजे ओरखडणारा तो काचेत."

"शाबास!" मामांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी मामींची मांजरी डॉक्टरांच्या टाकीच्या झाकणावर निजली होती. मी हात लावला, तर तिनं मला ओरखडलं. मग काय, उचलली आणि काचेच्या टाकीत सोडली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक गोल्डफिश होता आणि दुसरा घशाखाली गेला होता. मामी किंचाळल्या. मामा खाली बसले. मी टाकीला टिचकी मारून म्हटलं, "टण वाजते, मामा."

मामा बराच वेळ हरी हरी म्हणत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, नवा जीव असा धाडकन सोडत नाहीत. आधी पिशवीत घालून तरंगत ठेवतात. त्याला सवय झाली की मग हळूच सोडतात. आता आपण एकच काम करा. हिरवं, बुळबुळीत काही दिसलं, तर त्यात सकर मासा सोडा. बाकी कशालाही हात लावू नका. आपल्या पाया पडतो."

त्यानंतर मी खरोखर कशालाही हात लावला नाही. दुकान सुरळीत चाललं. मालन हसू लागली. मामांची दाढीही सारखी झाली.

धोंड्याचा दिवस आला. डॉक्टर पाटणकर सहकुटुंब जेवायला आले होते, नव्या टाकीचं बोलणं करायला. माझ्यासमोर अनारशांचं ताट होतं. त्यात निरांजन, आणि निरांजनाशेजारी दुकानाची किल्ली! मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा ऊर भरून आला. मामींच्या मदतीला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो.

चुलीशेजारी एक मोठं पातेलं होतं. आत हिरवंगार, दाट, बुळबुळीत. एवढं शेवाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तेही ऐन सणाच्या दिवशी! पण या वेळी मी अजिबात घाई केली नाही. टिचकी मारली, टण वाजलं. बोट बुडवून पाहिलं, कोमट होतं. दुकानातून सकर मासा आणला, पिशवीसकट तरंगत ठेवला, त्याला सवय होऊ दिली आणि हळूच सोडला. मला स्वतःचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

पंगत बसली. मामी वाढायला आल्या. "डॉक्टर, अळूचं फदफदं घ्या ना, खास तुमच्यासाठी केलंय," म्हणत त्यांनी डाव उचलला. डावाला सकर मासा घट्ट चिकटलेला होता. त्याच्या मिशांवर खोबऱ्याचे काप होते.

"अधिक महिन्यात मासा?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"आणि जिवंत?" डॉक्टर ओरडले.

मामा ताडकन उठले आणि पातेल्यात डोकावून बघू लागले. त्यांना कसली धास्ती वाटतेय ते मी लगेच ओळखलं.

"मामा, घाबरू नका," मी म्हणालो, "पातेलं स्टीलचं आहे. चरा पडणार नाही."

मामांनी ताटातली किल्ली उचलली.

"मामा, किल्ली?"

"राहू द्या, जावईबापू," मामा हात जोडून म्हणाले. "तिला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतो. आपण अनारसे न्या."

एका साध्या किल्लीला किती जपतात मामा! परतीच्या गाडीत मी मालनला सारखं हेच सांगत होतो.