तुरटीच्या पाण्यातला ठोकळा

फार फार वर्षांपूर्वी, राजे लोक अजून स्वतःच्या पायांनी बांधावरून फिरत होते त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावाच्या डोक्यावर तलाव होता आणि तलावाच्या पायथ्याशी गव्हाची शेते. शेतांना पाणी सोडायचे तलावाचे जुने लाकडी दार कुजले, म्हणून गावाने नवे दार करायचे ठरवले. हे दार लोखंडी मळसूत्राने वर चढणार होते, आणि ते मळसूत्र ज्यात फिरणार तो ठोकळा पितळेचा हवा होता.

एवढे पितळ आणायचे कुठून? मग घरटी एकेक भांडे गोळा झाले. कुणी कळशी दिली, कुणी परात, कुणी देवापुढची समई. लोहाराच्या बायकोने माहेरून आणलेला तांब्या दिला, आणि देण्याआधी तो दोनदा पुसला. सगळ्यांचे मिळून एक भोक असलेला जाड ठोकळा ओतला गेला. त्या गावची रीत अशी, की गावाला दिलेली वस्तू एकदाच मुशीत जायची. ती पुन्हा वितळवणे म्हणजे दिलेले दान परत मागणे, असे म्हातारीकोतारी सांगत. म्हणजे ठोकळा एकच. तो बिघडला तर दार नाही, पाणी नाही, आणि गहूही नाही.

ठोकळ्याच्या भोकात आटे, म्हणजे मळसूत्र फिरायला लागणाऱ्या गोल खाचा, पाडायचे काम लोहाराचे होते. लोहार अंगाने धिप्पाड आणि मनाने साफ. पण त्याला थांबता येत नसे, आणि कुणी हसले तर खपत नसे. स्वतः मात्र तो समोरच्या सोनाराला रोज हसायचा.

"काय सोनारबुवा, आज डासाला नाल ठोकताय वाटतं?"

"ठोकला असता," सोनार मान वर न करता म्हणायचा, "पण डास एका जागी उभा राहत नाही."

आटे पाडायच्या दिवशी सगळा गाव भट्टीपाशी लोटला. आटे पाडायचे पोलादी हत्यार भोकात घालतात आणि आडव्या दांड्याने फिरवतात. एक वेढा पुढे, अर्धा वेढा मागे. मागे घेतले की आतला कीस तुटतो आणि हत्यार मोकळे होते. बापाने शिकवले होते तसे लोहार करू लागला.

"अरे, हा तर उलटा फिरवतोय!" गर्दीतून कुणीतरी ओरडले. "असं पुढंमागं करत बसलास तर गहू पुढल्या वर्षी भिजायचा!"

लोक खो खो हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, नुसती गंमत. पण लोहाराचे कान तापले. दातओठ खात त्याने दांडा पुढे रेटला. आणखी पुढे रेटला. मागे म्हणून घेतलाच नाही. कट्कन आवाज झाला. दांडा त्याच्या हातात आला आणि पोलादाचा मोडका तुकडा ठोकळ्याच्या पोटात राहिला.

हसणे जागच्या जागी थांबले. मग सल्ले सुरू झाले. फुकटचे सल्ले द्यायला कुणाच्या बापाचे काय जाते? कुणी म्हणाले तेल घाल, कुणी म्हणाले सांडशीने ओढ. सांडशीला धरायला तुकड्याचे टोकच वर नव्हते. लोहाराने छिन्नी लावली, तर छिन्नीचीच धार गेली, कारण तुकडा तिच्याहून कडक होता. शेवटी त्याने घण उचलला. तुकडा आणखी घट्ट बसला आणि भोकाच्या तोंडाशी पितळ चेपले.

"पुरे करा हो," त्याची बायको पुढे येऊन म्हणाली. "प्रत्येक घाव माझ्या तांब्यावर पडतोय."

लोहाराने घण खाली टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्या हातून गावाचं वाटोळं झालं गं."

"वाटोळं व्हायला अजून अवकाश आहे. समोर जा आधी."

"सोनाराकडे? त्याच्या चिमट्याने काय व्हायचंय?"

"तुमच्या घणाने काय झालं?"

ठोकळा पोटाशी घेऊन लोहार नाक मुठीत धरून समोर गेला. आता हा आपल्याला मनसोक्त हसणार, अशी त्याची खात्री होती. सोनार हसला नाही. त्याने ठोकळा उजेडात धरून निरखून पाहिला.

"आमच्या दागिन्यातही पोलादी सळी मोडून बसते कधीकधी," तो म्हणाला. "सोन्यावर घाव घालता येत नाही. मग आम्ही तुरटी वापरतो."

"तुरटी? दाढी झाल्यावर गालाला लावतात ती?"

"तीच. तुरटीचं गरम पाणी पोलाद खातं आणि पितळेला धक्का लावत नाही. पण दात नसलेल्या म्हाताऱ्याने भाकरी खावी, तसं सावकाश खातं."

लोहार धावत जाऊन आपली मोठी लोखंडी कढई घेऊन आला. आता मात्र सोनाराला हसू आवरेना. "अरे बाबा, ते पाणी लोखंडही खातं, तुझी कढईच जाईल! मातीचं मडकं आण."

मडके आले, मंद विस्तव झाला, तुरटीच्या पाण्यात ठोकळा बुडाला.

"आता मी काय करू?" लोहाराने विचारले.

"पाणी आटलं की तुरटीचं पाणी घाल. विस्तव भडकू देऊ नकोस. आणि हात लावू नकोस."

"एवढंच?"

"तुला एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

खरेच, लोहाराने जन्मात इतके अवघड काम केले नव्हते. भोकातून बारीक बुडबुडे वर येत आणि पाणी काळपट होई. बाकी काही घडताना दिसत नसे. त्याचे हात शिवशिवत. घण उचलावा, पुन्हा ठेवावा. बसवेना म्हणून त्याने अख्ख्या गावाच्या विळ्यांना फुकट धार लावून दिली. गाव त्यावर मनातल्या मनात खूश होते.

एके दिवशी पाटील आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गव्हाची पानं वळायला लागली रे. शेजारच्या गावचा लोहार बोलावू का? त्याचा घण तुझ्यापेक्षा जड आहे म्हणतात."

पूर्वीचा लोहार हे ऐकताच ठोकळा ओढून ऐरणीवर घेऊन गेला असता. त्याने मडक्यात वाकून पाहिले.

"थांबा पाटील. बुडबुडे येताहेत. काम चालू आहे."

"कोण करतंय काम? तू तर नुसता बसलायस!"

"म्हणूनच होतंय."

पाटलांना काही कळले नाही, पण लोहाराच्या तोंडून 'थांबा' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत वाट पाहायचे त्यांनी कबूल केले.

बाजाराच्या दिवशी सकाळी बुडबुडे बंद झाले. लोहाराने सोनाराला हाक मारली. दोघांनी ठोकळा बाहेर काढून पालथा केला. "हळू हं," सोनार म्हणाला. लोहाराने बोटाने टिचकी मारली. तळहातावर काळा चुरा पडला, आणखी थोडा पडला, आणि भोकातून पलीकडचे आभाळ दिसले. आधी पाडलेले आटे आत जसेच्या तसे चमकत होते. लोहाराला इतका आनंद झाला की त्याने सोनाराला उचलून गरकन फिरवले.

चेपलेली कड त्याने कानशीने घासून नीट केली, नवे हत्यार घेऊन उरलेले आटे सावकाश पाडले आणि दार बसवले. पहिल्यांदा दार उघडायचा मान पाटलांनी लोहाराला दिला. लोहाराने गर्दीतून सोनाराचे मनगट धरून त्याला पुढे आणले.

"अरे, माझ्या मनगटात एवढं बळ कुठलं?" सोनार संकोचून म्हणाला.

"बळ माझ्याकडे आहे, बुवा. ते किती लावायचं, तेवढं तुम्ही सांगा."

दोघांनी मिळून दार उचलले. दिवस मावळायच्या आत पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचले, आणि त्या वर्षी गावात गहू ठेवायला कणग्या कमी पडल्या.

म्हणून लक्षात ठेवावे: जोराने अडकलेले जोराने सुटत नाही, त्याला धीरच धरावा लागतो.