दोन फुलबॅक आणि मास्तरांचे दात

छावणीच्या एका जुन्या गावात हॉकी शिकवणारे वृद्ध मास्तर राहत असत. त्यांच्याकडे एकदा एक शिष्य मोठ्या नेटाने एक प्रश्न घेऊन आला. दोन थोर खेळाडूंपैकी अधिक थोर कोण, असा तो प्रश्न होता. असे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते आणि त्याला वडीलधाऱ्यांचा फक्त होकार हवा असतो. या शिष्याचेही तसेच होते.

शिष्याचे नाव रोहिदास. वय सव्वीस, कारखान्यात पाळीची नोकरी आणि गावच्या संघात फुलबॅकची जागा. फुलबॅक म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे उभा राहणारा शेवटचा बचावपटू. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात आणि फुलबॅकची आठवण त्यांना तो चुकला की होते. रोहिदासचे मात्र नाव होऊ लागले होते. समोरून फटका येताना दिसला की तो चेंडूच्या वाटेत स्वतःला झोकून देत असे. त्याचे गुडघे सदा सोललेले असत, आणि प्रेक्षकांना सोललेले गुडघे फार आवडतात.

या संघाची एक प्रथा होती. क्लबच्या खोलीत भिंतीवर दोनच स्टिका टांगलेल्या होत्या आणि दोन्ही फुलबॅकच्याच. एक तुतीच्या लाकडाची, तेल पिऊन काळपट झालेली. ती बन्सीलाल परदेशींची. ते मातीच्या मैदानावर खेळले आणि आता एकाहत्तर वर्षांचे होते. दुसरी कार्बनची, इलियास तांबोळींची. ते टर्फच्या हिरव्या कृत्रिम गवतावर खेळले आणि आता पंचेचाळिशीचे होते. खंडेनवमीला सारा संघ पाटावर स्टिका मांडून त्यांची पूजा करी. त्या दिवशी नव्याने कायम झालेल्या फुलबॅकने त्या दोहोंपैकी एका स्टिकवर झेंडूचे पहिले फूल वाहायचे. ज्याच्या स्टिकवर फूल पडेल, तो त्याचा गुरू. यंदा हा मान रोहिदासचा होता.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट ठरायची होती. मागच्या सामन्यात संघ तीन-दोनने हरला होता आणि गोलरक्षक डेव्हिड साळवीला वगळावे असे निवड समितीच्या मनात होते. डेव्हिड एकतीस वर्षांचा, दहा वर्षे त्याच जाळ्यापुढे उभा राहिलेला. या वयात गोलरक्षकाला दुसरा संघ सहसा दारात उभे करत नाही. समितीने रोहिदासला विचारले होते, आणि रोहिदास म्हणाला होता, "मी त्याच्या पुढेच असतो ना, म्हणून सांगतो. चेंडू त्याला उशिरा दिसतो."

तर असा हा रोहिदास नवमीच्या चार दिवस आधी एक वही घेऊन मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसला.

"मास्तर, मी नीट अभ्यास केलाय," तो म्हणाला. "जुने सामने पाहिलेल्या सगळ्यांना भेटलो. बन्सीकाका एका सामन्यात दहा-बारा हल्ले मोडायचे. इलियासभाई फार तर चार. अंगावर घेतलेले चेंडू बघितले, तर इलियासभाई जवळपास कोरेच. म्हणजे बन्सीकाकाच मोठे. आणि मीही त्यांच्यासारखाच खेळतो."

"चहाच्या टपरीवर काय म्हणतात?"

"तिथं दोन तट आहेत. पिकल्या केसांचे सगळे बन्सीकाकांकडे, बाकीचे इलियासभाईंकडे. परवा बशी फुटली."

मास्तर मनापासून हसले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाचे पुढचे सगळे दात शाबूत होते आणि हसताना ते लखलखत.

"आणि डेव्हिडचं काय?" त्यांनी विचारले.

"त्याचं काय, मास्तर? सारखा मागून ओरडत असतो. घाबरतो तो."

"बरं," मास्तर म्हणाले. "रविवारी सकाळी सातला मैदानावर ये. बन्सीला आणि इलियासला बोलावतो. तुझ्या डोळ्यांनीच काय ते बघ."

रविवारी रोहिदास पावणेसातलाच हजर झाला. वही, पेन आणि बसायला एक खुर्चीही त्याने आणली होती. दोन थोर पुरुषांचा निवाडा उभ्याउभ्याने कसा करायचा! थोड्या वेळाने बन्सीकाका गुडघ्याला पट्टा बांधून आले, इलियासभाई मुलीला शिकवणीला सोडून आले. संघाचे सहा आघाडीपटू आले. डेव्हिड आला, आणि कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला. सगळ्यात शेवटी मास्तर आले आणि त्यांनी डेव्हिडचे गोलरक्षकाचे पॅड उचलून रोहिदासच्या पायांशी टाकले.

"चढव."

रोहिदासला वाटले, मास्तर चेष्टा करताहेत. "मास्तर, मी फुलबॅक आहे."

"ठाऊक आहे मला. चढव आणि जाळ्यापुढे उभा राहा. तुझी खुर्ची मला दे, माझे पाय दुखतात."

आघाडीपटू तोंड लपवून हसले. रोहिदासला राग आला. पण मास्तरांपुढे राग दाखवण्याची त्या गावात पद्धत नव्हती. त्याने पॅड बांधले, शिरस्त्राण घातले, आणि बदकासारखा डुलत जाळ्यापुढे जाऊन उभा राहिला.

आधी बन्सीकाका त्याच्या पुढे आले. आघाडीपटू चालून आले, तसे काका आपल्या दुखऱ्या पायाने त्यांच्याकडे चार पावले पुढेच गेले आणि तोंडाने अखंड सुरू झाले. "डावा तुझा! लांबचा येतोय! थांब, मारू दे त्याला, दिसतोय ना? घे!" खरोखरच रोहिदासला चेंडू दिसत होता, काठीवरून सुटल्यापासून पॅडवर येईपर्यंत. सहापैकी तीन हल्ले काकांनी मोडले, दोन रोहिदासने अडवले, एक गोल झाला.

मग इलियासभाई आले. ते एक अक्षर बोलले नाहीत. पुढेही गेले नाहीत. स्टिक जमिनीसरशी धरून ते तिरके तिरके मागे सरत राहिले, आणि समोरच्या खेळाडूला नकळत मैदानाच्या चिंचोळ्या बाजूला नेत राहिले. त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही. तरी प्रत्येक फटका त्याच एका बाजूने आला आणि तीही बाजू उघडी, स्वच्छ. पाच फटके रोहिदासने अडवले. आयुष्यात पहिल्यांदा गोलपुढे उभा राहिलेला माणूस पाच फटके अडवतो, याचा त्याला फार अभिमान वाटला. अजून त्याला काही कळले नव्हते.

"डेव्हिड," मास्तरांनी हाक मारली. "आता तू फुलबॅक हो. याच्यासारखा खेळ."

डेव्हिडने स्टिक उचलली. चार महिने तो रोहिदासच्या पाठीकडेच बघत होता, त्यामुळे त्याला काही विचारावे लागले नाही. पहिला आघाडीपटू आत शिरला, तसा डेव्हिड मागे धावला आणि थेट रोहिदासच्या नजरेसमोर येऊन झेपावला. रोहिदासला एक पाठ दिसली. मग पाठीमागच्या फळीवर दाणकन आवाज झाला. गोल.

दुसऱ्या वेळी तीच पाठ. या खेपेस चेंडू डेव्हिडच्या स्टिकला लागला, दिशा बदलून आला आणि रोहिदासच्या दोन पायांमधून गेला. बाजूला उभ्या असलेल्या आघाडीपटूंनी टाळ्या वाजवल्या, कारण डेव्हिडचा गुडघा चांगलाच सोलला होता.

तिसऱ्या वेळी आघाडीपटूने स्टिक मागे नेली मात्र, रोहिदास जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे सरक ना बाजूला! मला काही दिसत नाहीये!"

डेव्हिड जागीच थांबला. चेंडू त्याच्या शेजारून हळूच निघून गेला, आणि कोणी तो आणायलाही गेले नाही. डेव्हिड वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दहा वर्षांचा थकवा तेवढा होता.

"चार महिने मी हेच ओरडतोय रे," तो म्हणाला.

रोहिदासने शिरस्त्राण काढले. मागच्या सामन्यातले तीन गोल त्याच्या डोळ्यांसमोर आले. पहिला गोल समोरच्या संघाच्या आघाडीपटूने सरळ मारला होता. दुसरा आणि तिसरा होताना तो स्वतः हवेत होता, प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि मागून कोणीतरी घाबरून ओरडत होते.

मास्तर खुर्चीतून उठले आणि सावकाश त्याच्यापाशी आले.

"बन्सीच्या वेळी मैदान मातीचं होतं," ते म्हणाले. "चेंडू खड्ड्याला लागून कुठं उसळेल याचा नेम नव्हता. म्हणून तो पुढे जाऊन गाठायचा आणि मागच्याला तोंडानं सांगत राहायचा. इलियासच्या वेळी टर्फ आलं. चेंडू गोळीसारखा यायला लागला, पुढे गेलेला माणूस फसायला लागला. म्हणून तो मागे राहिला, आणि एक बाजू आपण झाकून दुसरी मागच्याला दिली. काळानं दोघांना वेगळी कामं नेमून दिली, बाळा. तुझ्या वहीत ते वेगळेपण आलंय. पण दोघांनी जे एक सांभाळलं, ते बाहेरून दिसत नाही. चेंडू अडवायला गोलरक्षकही आहे. त्याला चेंडू दिसू देणं, हे मात्र एकट्या फुलबॅकच्या हातात असतं."

मग त्यांनी ओठ बोटाने वर उचलला आणि आपले दात दाखवले.

"बन्सीच्या मागे नऊ वर्षं कोण उभं होतं, हे कोणी सांगितलं नाही ना तुला टपरीवर? मी होतो. तेव्हा तोंडावर जाळी नव्हती. हे दात बन्सीचे आहेत. आणि इलियासच्या मागचा गोलरक्षक एकोणचाळीस वर्षांचा होईतो खेळला. त्याला कोणी उशिरा दिसतं म्हणालं नाही."

रोहिदासने मान खाली घातली. मग, सवय जात नाही म्हणून की काय, त्याने हळूच विचारले, "तरी पण मास्तर, दोघांत मोठं कोण?"

"मी!" बन्सीकाका आणि इलियासभाई एकदमच म्हणाले, आणि दोघेही चहाला निघून गेले.

खंडेनवमीच्या संध्याकाळी पाटावर स्टिका मांडल्या गेल्या. दोन्ही जुन्या स्टिका भिंतीवरून उतरवून मध्यभागी ठेवल्या. समितीची माणसे मागच्या बाकावर बसली होती. रोहिदासच्या हाती झेंडूचे फूल दिले गेले आणि टपरीवरचे दोन्ही तट माना उंचावून बघू लागले.

रोहिदास उठला आणि दाराकडे गेला. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी गोलरक्षकाचे पॅड पडले होते. इतक्या वर्षांत त्यांना पाटावर जागा द्यावी असे कोणाला सुचले नव्हते. त्याने ते उचलले, सदऱ्याच्या बाहीने पुसले, आणि दोन स्टिकांच्या मागे उभे करून ठेवले. फूल त्याने त्यांच्यावर वाहिले.

खोलीत कुजबुज सुरू झाली. रोहिदास बाकाकडे वळला.

"डेव्हिडला चेंडू उशिरा दिसतो, असं मी तुम्हाला सांगितलं होतं," तो म्हणाला. "ते खरंच आहे. मी आडवा येतो म्हणून उशिरा दिसतो. त्या सामन्यातले दोन गोल माझे आहेत. कोणाला वगळायचंच असेल, तर त्याला वगळू नका."

समितीतले एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे तुला वगळायचं?"

उत्तर डेव्हिडने दिले. तो दारापाशी उभा होता. "त्याला कशाला काढता? आत्ता कुठं तो फुलबॅक झालाय."

पुढच्या सामन्यात दोघेही खेळले. रोहिदासचे गुडघे त्या दिवशी सोलले नाहीत, टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. मात्र साठ मिनिटांत त्याला मागून एकदाही ओरडणे ऐकू आले नाही. आपण कसे उभे आहोत हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.