गोदामाच्या भिंतीतील पाच छिद्रे

"मग उणे कोठे राहिले, एवढे तरी सांगा."

मिंगयुआनने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. भिक्षू हुईकाँग हात मागे बांधून भिंतीपुढे उभे होते.

ताइनान शहरातील ते एक जुने साखरेचे गोदाम. जपानी अमदानीत तांबड्या विटांनी बांधलेले. आता त्याला वारसावास्तूचा मान मिळाला होता आणि दुरुस्तीचे काम मिंगयुआनकडे आले होते. उद्या सकाळी उद्घाटन होते.

हुईकाँग दीक्षेपूर्वी गवंडी होते. मिंगयुआन त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे चुन्याचे काम शिकला. त्या अकरा वर्षांत त्यांनी त्याला एकदाही 'ठीक' म्हटले नव्हते. अधिकारी येऊन वाखाणण्यापूर्वी तो एक शब्द त्याला हवा होता.

"चुना?" हुईकाँगांनी विचारले.

"कालवांच्या शिंपल्या भाजून. त्यात चिकट तांदळाची पेज आणि उसाची काकवी. तुम्ही शिकवलेत तसाच. सिमेंटचा कणही नाही."

"विटा?"

"त्याच काळातल्या. पाडलेल्या घरांमधून एकेक निवडून आणल्या."

"आणि येथे?" भिक्षूंनी छातीच्या उंचीवर भिंतीला बोट टेकवले.

मिंगयुआनचा चेहरा खुलला.

"दिसत नाही ना? येथे पाच छिद्रे होती, बंदुकीच्या गोळ्यांची. कोणीतरी त्यांत उदबत्त्या खोचून खोचून विटा काळ्याठिक्कर केल्या होत्या. आत बोटभर राख. ती खरवडली, धुतली, आणि विटेची भुकटी चुन्यात कालवून छिद्रे बुजवली. आता माझा मलाही सांधा सापडत नाही."

"राख कोठे टाकलीस?"

"राख?... कचऱ्यात, आचार्य. आणखी कोठे टाकणार?"

हुईकाँगांनी बोट काढून घेतले.

पौर्णिमा होती. फाटकाकडून एक वृद्धा काठी टेकत आली. दुसऱ्या हातात पेटवलेली उदबत्ती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिने काठी काखेत धरली आणि भिंत चाचपायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा उजवीकडून डावीकडे.

"कोण आहे तेथे?"

"मी हुईकाँग, सिउचिनताई."

"आचार्य का? बरे झाले भेटलात. मी भलत्याच गोदामाशी तर आले नाही ना? डोळ्यांचे सोडा, पण बोटे कधी चुकली नव्हती."

"गोदाम तेच आहे, ताई."

"मग आमचे हे कोठे गेले?"

तिची बोटे पुन्हा विटांवरून फिरू लागली.

"हिच्या यजमानांना गोळ्या घालायला येथे उभे केले होते," हुईकाँग शिष्याला म्हणाले. "पन्नास वर्षे झाली. सैनिकांनी प्रेत दिले नाही. पुढे चाळीस वर्षे लष्करी कायदा, नाव काढायचीही चोरी होती. डावीकडून दुसरे छिद्र हिचे."

मिंगयुआन वृद्धेजवळ गेला.

"आजी, येथे फलक लावायचा आहे. संगमरवरी. त्यावर यजमानांचे नाव मी स्वतः कोरून घेईन."

"फलकात उदबत्ती खोचता येते का, बाळा?"

तो गुरूंकडे वळला. "छिन्नी गाडीत आहे. आत्ता, या क्षणी पाचही छिद्रे पुन्हा पाडतो. मोजमापे आहेत माझ्यापाशी, छायाचित्रे आहेत."

"ती तुझी छिद्रे होतील."

"मग मी काय करू?"

उदबत्ती निम्मी जळली होती. राख वृद्धेच्या मनगटावर पडत होती. तिने हात हलवला नव्हता. हुईकाँगांनी ती उदबत्ती हळूच तिच्या बोटांतून काढून घेतली.

"इकडे ये. पाठ भिंतीला लाव."

मिंगयुआनने पाठ लावली.

"मूठ मिट. छातीशी धर."

त्यांनी त्या मुठीत उदबत्ती उभी खोचली. मग वृद्धेचा हात धरून तो त्या मुठीवर ठेवला. तिने मूठ चाचपली, उदबत्तीचे बूड चाचपले. तीन पावले मागे सरली. वाकली.

"नातीचे ठरले," ती भिंतीला म्हणाली. "मुलगा आगबोटीवर असतो. तुम्हांला आवडला नसता, पण ती ऐकत नाही... छपराची गळती काढून घेतली... माझे गुडघे आहेत तसेच आहेत."

ती थांबली. पुन्हा बोलू लागली. तिला घाई नव्हती.

निखारा खाली सरकत होता. मिंगयुआनच्या बोटांशी त्याची धग पोहोचली. तेथून त्याला समोरचे मोकळे पटांगण दिसत होते, आणि उद्याच्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांची सरळ रांग.

"आचार्य..." तो पुटपुटला. "किती वेळ उभे राहायचे?"

"भिंतीने कधी विचारले नाही."