दोनशे बाराव्या बासनाची फळी

“...आणि उत्तर मिळालेच नाही, तर तुझी सेवा विचारणाऱ्याला काय सांगते?”

हा प्रश्न नारोबुवांनी प्रणित सातपुते याला विचारला. मी तो नऊ मार्च रोजी, शनिवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास कुंदाताई आसोलेकर यांच्याकडून ऐकला. कुंदाताई मठाच्या ग्रंथालयात पोथ्यांची सूची करतात. प्रसंग घडला तेव्हा त्या त्याच दालनात, खिडकीजवळच्या मेजापाशी, बुवांपासून फार तर पाच हातांवर बसल्या होत्या. तारीख त्यांना नेमकी आठवत नाही. त्याआधीच्या कार्तिकातली, पोथ्यांना ऊन दाखवण्याच्या दिवसांतली, एवढे त्या खात्रीने सांगतात.

नारोबुवा एकेचाळीस वर्षे मठाचे ग्रंथरक्षक आहेत. प्रणित संगणकशास्त्राची पदवी घेऊन जुन्या पोथ्या वाचायला शिकण्यासाठी त्यांच्याकडे आला आणि दोन वर्षे राहिला. राहता राहता त्याने मठातल्या साऱ्या पोथ्यांचा एक्सएमएल डेटाबेस उभा केला. प्रत्येक पोथीचा एक दस्तऐवज. त्यात शीर्षक, लेखनिक, गाव, शक, पानांची संख्या, आणि प्रत्येक गोष्टीला तिची स्वतंत्र खूण. त्यावर त्याने एक वेब सेवा बसवली. दूरच्या माणसाने घरबसल्या प्रश्न टाकावा, सेवेने तो डेटाबेसला विचारावा, आणि उत्तर घेऊन परतावे.

आणखी अकरा मठ आपापल्या पोथ्या याच सेवेला जोडणार होते. त्यासाठी बुवांची संमती हवी होती. संमतीचा कागद प्रणितच्या हातात होता.

“सात महिने झाले, बुवा,” तो म्हणाला. “बाहेरच्या एकाही माणसाला आजवर त्रुटी दिसलेली नाही.”

“झालीच नाही?”

“होतात. दिसत नाहीत.”

“मग जातात कुठे?”

“मी आतल्या आत पकडतो. डेटाबेस अडला, वेळ संपली, काहीही झालं तरी सेवा कोलमडत नाही. रिकामी यादी पाठवते. वर ‘यशस्वी’ असा शेरा. शांतपणे.”

“शांतपणे...”

बुवा वेखंडाच्या पुरचुंड्या बांधत होते. कसर लागू नये म्हणून त्या पोथ्यांमध्ये ठेवतात. त्यांनी एक पुरचुंडी बांधून बाजूला ठेवली.

“आणि पोथी खरोखरच नसेल, तेव्हा?”

“तेव्हाही रिकामी यादी. नसेल तर रिकामीच यायला हवी ना?”

“हो, ती यायलाच हवी.”

बुवांनी दुसरी पुरचुंडी घेतली. मग प्रणितच म्हणाला, “लोक घाबरतात, बुवा. लाल अक्षरं दिसली की म्हणतात, मठाचं यंत्र बिघडलं.”

“आणि ‘नाही’ वाचून घाबरत नाहीत?”

“नाही घाबरत.”

“खरं आहे. घाबरत नाहीत. घरी जातात.”

इथे आपल्याला हसू आले, हे कुंदाताईंनी प्रांजळपणे सांगितले. प्रणित हसला नाही. त्याने कागद पुढे केला.

“करतो सही,” बुवा म्हणाले. “आधी तेवढं दोनशे बारावं बासन घेऊन ये.”

इथे ग्रंथालयाची एक रीत सांगणे आवश्यक आहे. लाल कापडात एकत्र बांधलेल्या पोथ्यांना तिथे बासन म्हणतात. प्रत्येक बासनाला भिंतीत आपला खण आहे. बासन कोणत्याही कारणाने बाहेर काढले, तर तो खण मोकळा ठेवत नाहीत. तिथे कडुनिंबाची वीतभर फळी उभी करतात आणि तिच्यावर खडूने कारण लिहितात: वाचायला अमक्याने नेले; शिवणीला दिले; वाळवी लागली, वेगळे ठेवले. ही रीत कोणी घातली ते कुणाला माहीत नाही. ती मोडल्याचे मात्र कुंदाताईंनी चौदा वर्षांत पाहिलेले नाही. त्या दिवसापर्यंत.

प्रणित आतल्या दालनात गेला आणि लगेच परतला.

“नाही, बुवा.”

“काय नाही?”

“दोनशे बारा नाही. खण मोकळा आहे.”

“मठात नाही, की खणात नाही?”

“ते कसं सांगू? फळीच नाही तिथे.”

“असं... बरं, मग नाहीच म्हणायचं. लिहून टाक, कुंदाताईंच्या सूचीत. दोनशे बारा, नाही.”

“असं कसं लिहू?” प्रणितचा आवाज चढला. “कुणी वाचायला नेलं असेल. उन्हात असेल. चोरीला गेलं असेल. काही कळल्याशिवाय ‘नाही’ कसं लिहायचं?”

बुवांनी आपल्या बैठकीखाली हात घातला आणि एक फळी काढून त्याच्यासमोर ठेवली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात होते: ‘ऊन. पूर्वेचा ओटा. संध्याकाळी परत.’

“ही तुमच्यापाशी कशी?”

“मीच काढली, सकाळी.”

“पण का?”

“बरं दिसत नाही रे ते. आलेल्या माणसाला वाटतं, मठाची बासनं जागेवर राहत नाहीत. मोकळा खण कसा शांत दिसतो.”

प्रणितने फळी हातात घेऊन पुन्हा वाचली.

मग बुवांनी बैठकीखालूनच एक पोस्टकार्ड काढून त्याला दिले. ते सत्यभामा केरकर या निवृत्त शिक्षिकेचे होते, सावंतवाडीकडून आलेले. कुंदाताईंनी ते जपून ठेवले आहे, म्हणून त्यातला मजकूर मी इथे जसाच्या तसा देऊ शकतो.

‘माझे आजोबा, आईचे वडील, लक्ष्मण आरोंदेकर हे पोथ्या उतरवून देत. त्यांच्या हातची एक ओळही आमच्या घरी उरलेली नाही. आपल्या मठासाठी त्यांनी लेखन केले होते, असे आई म्हणे. आपल्या यंत्राला मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने नम्रपणे ‘शून्य नोंदी’ असे कळवले. मी एकोणऐंशी वर्षांची आहे. आता शोध थांबवते. तसदीबद्दल क्षमा असावी.’

प्रणितने कार्ड दोनदा वाचले.

“कधी आलं?”

“परवा.”

“या लेखनिकाच्या नावाने शोधत होत्या...” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “नाव पुष्पिकेत असतं.”

पोथी संपल्यावर लेखनिक शेवटच्या पानावर आपले नाव, गाव आणि शक लिहितो, ती पुष्पिका.

“तो शोध साडेचार हजार पुष्पिका एकेक करून चाळतो. वेळ लागतो. तीस सेकंदांत पुरा झाला नाही, तर मी तो तोडतो. आणि...”

“आणि?”

“रिकामी यादी पाठवतो.”

“शांतपणे,” बुवा म्हणाले.

प्रणितने संमतीचा कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुन्हा मागितला नाही. लॅपटॉप घेऊन तो अंगणाकडच्या पायरीवर जाऊन बसला. समोर ओट्यांवर बासने उघडी होती; ऊन सरकेल तशी ती सरकवत होते. जेवायला हाक मारली तेव्हा तो “आलो” म्हणाला, आणि गेला नाही.

दिवेलागणीच्या आधी तो आत आला.

“तीन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या होत्या मी,” त्याने सांगितले. “विचारणाऱ्याचा प्रश्नच चुकीचा बांधलेला असणं, डेटाबेसपर्यंत पोचताच न येणं, आणि वेळ संपणं. आता प्रत्येकीला आपलं वाक्य दिलंय. आपला क्रमांकही. वेळ संपली, तर ‘यशस्वी’ जात नाही. पाचशे चार हा त्रुटीचा क्रमांक जातो. आणि मला आत त्याची नोंद मिळते. रिकामी यादी आता एकाच वेळी जाते, शोध शेवटपर्यंत होऊन काही सापडलं नाही, तेव्हाच.”

“क्रमांक तुझे तुला. माणसाला काय दिसतं?”

प्रणितने लक्ष्मण आरोंदेकर हे नाव टाकले. तीस सेकंद गेले. पडद्यावर लाल अक्षरे उमटली. त्याने ती मोठ्याने वाचली:

“‘शोध पूर्ण झालेला नाही. पोथी नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. पुन्हा विचारावे, किंवा ग्रंथालयास लिहावे.’”

“परत वाच.”

त्याने परत वाचले. बुवा इतके प्रसन्न झालेले आपण क्वचितच पाहिले, असे कुंदाताई म्हणतात.

“सात महिन्यांत आज पहिल्यांदा खरं बोललं,” बुवा म्हणाले, आणि हात पुढे केला. “आण तो कागद.”

त्यांनी सही केली. प्रणित कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“पण बुवा, पोथी आहे का?”

“ठाऊक नाही.”

“एकेचाळीस वर्षं तुम्ही...”

“ठाऊक नाही म्हटलं ना. एवढं यंत्र मांडून बसलायस, आणि विचारतोस म्हाताऱ्याला!”

प्रणित खाली बसला. त्याने वेळेची मर्यादा उठवली आणि शोध पुन्हा सोडला. कुंदाताई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला, असे त्या सांगतात. बाहेरची बासने बांधून आत येऊ लागली होती. खणांतल्या फळ्या काढून ठेवल्याचा टकटक आवाज येत होता.

मग पडद्यावर एक नोंद आली. एकच.

लेखनिक: लक्ष्मण आरोंदेकर. पाने: चौऱ्याण्णव. बासन: दोनशे बारा.

प्रणितने मान वर करून बुवांकडे पाहिले...

बुवा पुरचुंडी बांधत होते. गाठ नीट बसत नव्हती. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

त्याच संध्याकाळी प्रणितने सत्यभामाबाईंना कार्ड लिहिले. जावक नोंदवहीत त्याची नक्कल आहे. मी ती पाहिली आहे. ‘आपणास जे मिळाले ते उत्तर नव्हते. शोध अर्धवट तुटला होता आणि तसे आम्ही आपणास सांगितले नाही. ही चूक यंत्राची नसून माझी आहे. पोथी आहे. कृपया यावे.’ खाली त्याचे पूर्ण नाव आहे.

बुवांनी कार्ड वाचले. “शाई वाळू दे,” एवढेच म्हणाले.

सत्यभामाबाई मार्गशीर्षात एसटीने आल्या. सकाळपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत त्या पोथीपाशी बसल्या होत्या. जुनी लिपी त्यांना फारशी लागत नव्हती. त्यांनी पानाला हात लावला नाही. ओळीच्या खाली, थोड्या अंतरावरून, बोट फिरवत राहिल्या. एका जागी बोट थांबले. “आई ‘र’ असाच काढायची,” त्या म्हणाल्या. “मी शाळेत तिला हसायचे. तिला तो यांनी शिकवलेला.”

मग त्यांनी बुवांकडून वेखंडाची एक पुरचुंडी मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने पोथीत ठेवली.

प्रणित हल्ली त्या अकरा मठांपैकी एकात पोथ्यांच्या नोंदी करतो. मी त्याला पत्राने हा सारा वृत्तान्त कळवला. त्याने तो तपशिलांसह खरा असल्याचे लिहिले, आणि एक दुरुस्ती सुचवली: मर्यादा तीस सेकंदांची नव्हती, अठ्ठावीसची होती. ‘आठवणीतून लिहू नका, माझ्याकडे नोंद आहे,’ असे त्याने पुढे जोडले आहे. वरचे आकडे मी कुंदाताईंनी सांगितले तसेच ठेवले आहेत, म्हणून ही दुरुस्ती इथे देतो.

एका गोष्टीची खातरजमा मात्र मला करता आली नाही. प्रणितला दोनशे बारावे बासनच आणायला पाठवताना, आरोंदेकरांची पोथी त्यात आहे हे बुवांना माहीत होते का?

कुंदाताईंच्या मते माहीत होते. बुवांना बासने नुसत्या वजनावरून ओळखू येतात. प्रणितच्या मते माहीत नव्हते. त्या बासनात सात पोथ्या आहेत, आणि माहीत असते तर त्यांनी त्या बाईंना दोन दिवस थांबवले नसते. दोघांचेही म्हणणे मला ग्राह्य वाटते. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

म्हणून सोळा मार्च रोजी मी स्वतः मठात गेलो आणि हा प्रश्न बुवांनाच विचारला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला. मी काय लिहितो आहे, कुणासाठी, हेही विचारले. लेखाचा शेवट तेवढ्यासाठी अडला आहे, असे मी सांगितले.

बुवांनी हातातली पुरचुंडी खाली ठेवली.

मग त्यांनी शेजारच्या चळतीतून एक कोरी फळी काढली, उपरण्याने पुसली, आणि खडूच्या तुकड्यासह माझ्या हातात दिली.

“त्या जागी ही लाव.”