आवडायचा घोट

निरूची मान आणि डोकं खरंच दुखतं, की मी इतक्यांदा विचारते म्हणून दुखतं? या एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती. मुलगी आठ वर्षांची. डोळ्यांचे डॉक्टर झाले, दातांचे झाले, सायनसचे झाले, मानेचे फोटो झाले. सगळं नॉर्मल. "शाळेचं टेन्शन असेल," एक जण म्हणाले. "घरात कुणाला डोकेदुखी आहे का?" दुसऱ्यांनी विचारलं आणि माझ्याकडेच बघत राहिले.

मे महिन्यात आम्ही नवऱ्याच्या गावी, करंजवेळला गेलो. निरू मान धरून बसली होती. मालूआत्या, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दगडार बसवलंस काय गो तिका?"

मी विचारलं, कुठला दगड?

आत्यांनी निरूला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बघायला खाडीवर पिटाळलं आणि मग गोष्ट सांगितली. दुखणाऱ्या पोराने ती आधी ऐकायची नसते. ऐकली तर पोर गोष्टीतलंच दुखणं सांगायला लागतं.

तर, खाडीवर पूल नव्हता आणि गलबतं थेट गावाच्या धक्क्याला लागत, त्या काळची ही गोष्ट. करंजवेळला आवडाय नावाची बाई राहत होती. घशात अडकलेले माशांचे काटे काढायचे, हे तिचं काम. दोन्ही काठांची माणसं होडीत बसून तिच्याकडे येत. धक्क्याजवळच्या काळ्या दगडावर ती त्यांना बसवी, गळ्याला कान लावी आणि म्हणे, हा पेडव्याचा, हा मुडदुशाचा. काटा तिच्याशी बोलायचा, असं म्हणतात. मासा कुणी रांधला आणि रांधताना सासू-सुनेचं काय वाजलं, तेही सांगायचा, असं म्हणतात. म्हणून काही सासवा आपल्या सुनांना तिच्याकडे पाठवतच नसत.

पलीकडच्या काठावर सुंदरा नावाची बाई होती. तिची एकुलती एक मुलगी द्वारकी. द्वारकीची मान आणि डोकं दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. सुंदराने देवाला कौल लावला. घाडी, म्हणजे गावचा देवऋषी, म्हणाला, वारं लागलंय. त्याने धुपाटणं फिरवलं. वैद्य म्हणाला, सर्दी साठलीय. त्याने नाकात तेल सोडलं. पोर जेवेना. कशी जेवणार, गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पोर वाळत चालली. बायका सुंदराच्या तोंडावरच म्हणायच्या, "एकच चेडू, लाडान बिघाडलां."

शेवटी सुंदरा तिला घेऊन होडीत बसली.

आवडायने विचारलं, "काय होता गो बाय तुका?"

द्वारकीने तोंड उघडलं. बोलली सुंदरा. डोकं कधीपासून दुखतं, किती दुखतं, कुणी काय सांगितलं, सगळं तिने एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, गिळताना घशात टोचतं.

टोचतं म्हटल्यावर आवडायने पुढचं काही ऐकलं नाही. करंजवेळला घशात टोचलं म्हणजे काटा. दुसरं काही टोचू शकतं, हे तिथे कुणाच्या मनातही येत नसे. तिने घशात बघितलं, काटा दिसला नाही. मग कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावला, काटा खाली जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा. तिसऱ्या घासाला द्वारकीने अशी किंकाळी फोडली, की दोरीवरचे वाळत घातलेले मासे खाली पडले, असं म्हणतात. आणि त्यानंतर पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच. अन्न नाही, पाणी नाही, शब्द नाही.

आवडायने तिच्या गळ्याला कान लावला. आत कुणीच बोलत नव्हतं. काटा असता तर बोलला असता. आयुष्यात पहिल्यांदा आवडाय घाबरली.

"परवा रात्री ना," सुंदरा पुन्हा सांगायला लागली, "तिका..."

आवडायने विहिरीच्या पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. "ह्या पाणी तोंडात धर. गिळू नको. आता चेडू बोलांदे."

सुंदराने घोट घेतला. द्वारकी गप्पच. ओहोटी लागली, खाडीतला चिखल उघडा पडला, तरी पोर गप्प. सुंदराचे गाल दुखायला लागले. तिला हजार गोष्टी सांगायच्या होत्या. विहिरीचं गोड पाणी तिच्या तोंडात समुद्रासारखं खारट झालं, असं म्हणतात. तरी तिने ते गिळलं नाही.

आणि मग द्वारकी हळूच बोलली. मासे खायचं कधीच सोडलंय, तरी टोचतं. जांभई दिली की कानात जातं. बाबाची होडी बघायला मान वळवली की सगळ्यात जास्त.

आवडायने बोट तिच्या घशात घातलं, पण या वेळी खाली नाही. वर, कानाच्या बाजूला चाचपलं. आणि पडजिभेच्या शेजारी, कातडीखाली, तिला लागलं. बाभळीच्या काट्याएवढं टोकदार हाड.

"हो काटो माश्याचो नाय," ती म्हणाली. "हिचोच आसा. कानाखालसून वाढत इलोहा."

भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी क्षणभर थांबतं. त्या क्षणाला आवडायने अंगठा दाबून ते हाड मोडलं. आवाज असा झाला, की भर समुद्रातल्या खलाशांनी डोलकाठी मोडली म्हणून वर बघितलं, असं म्हणतात. द्वारकीने मान वळवली. इकडे, मग तिकडे. मग आईकडे बघून म्हणाली, "आये, आता गीळ."

अंगठ्याचं मला पटलं नाही आणि कुणी करूनही बघू नये. पण त्या गावात अजून कुठलंही मूल तालुक्याच्या दवाखान्यात न्यायच्या आधी त्या दगडावर बसवतात. आईने विहिरीच्या पाण्याचा घोट तोंडात धरायचा आणि मुलाने बोलायचं. त्याला आवडायचा घोट म्हणतात. तिथले डॉक्टरसुद्धा म्हणे केसपेपर काढण्याआधी विचारतात, घोट झाला का?

"शिकलेली आवस तू," मालूआत्या मला तांब्या देत म्हणाल्या, "सगळी उत्तरां पाठ. जमतला मां?"

धक्क्याजवळ जाऊन त्यांनी निरूला हाक मारली आणि दगडावर बसवलं. "तुजां सांगून झालां काय तुजी आवस पाणी गिळतली," एवढंच तिला सांगितलं. मी घोट घेतला. निरूने माझ्या फुगलेल्या गालांकडे बघितलं आणि हसली. मग हसायची थांबली. बराच वेळ पायाने वाळू उकरत राहिली. ती काहीच बोलली नाही तर? म्हणजे दुखणं माझंच होतं, माझ्या डोक्यातून तिच्या मानेत गेलेलं. पाणी खारट लागतंय की काय, असं मला वाटायला लागलं.

"डोकं नाही दुखत," निरू म्हणाली. "तू डोकं दुखतं का विचारतेस, म्हणून मी हो म्हणते. इथे दुखतं." तिने डाव्या कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं. "आतून. चपाती गिळताना. आणि डावीकडे बघितलं की. म्हणून मी स्कूलबसमध्ये उजव्या बाजूला बसते, म्हणजे खिडकी उजवीकडेच येते."

हे मी कधी विचारलं नव्हतं. कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडायला गेले, तशी निरूने घाईने हात वर केला.

"आई, गिळू नकोस ना. अजून आहे."