पाच वर्षांची गॅरंटी

वडजल फाट्यावर दस्तगीरमामूंचं गॅरेज आहे. एका सकाळी रस्त्यांचे ठेकेदार हणमंतराव डुबल तिथे तणतणत आले. वर्षात तिसऱ्यांदा त्यांच्या गाडीचे शॉकअप गेले होते.

“नकली माल बसवतोस काय, दस्तगीर? पाच वर्षांची गॅरंटी लिहून दे, नाहीतर गॅरेजला टाळं ठोकतो!”

आरडाओरडा ऐकून टपरीवरची माणसं जमली.

मामूंनी बोनेट दाबून सोडलं. गाडी पाळण्यासारखी डुलत राहिली.

“मालक, शॉकअप खड्ड्यांनी जातात. तुम्ही येता कुठल्या रस्त्याने?”

“मी बांधलेल्या! लोण्यासारखा रस्ता आहे. एक खड्डा दाखव!”

“मग भांडणच मिटलं,” म्हणत मामूंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “शॉकअपची पाच वर्षांची गॅरंटी माझी. रस्त्याला खड्डा न पडण्याची पाच वर्षांची गॅरंटी हणमंतरावांची.” खाली आपली सही ठोकून त्यांनी पेन पुढे केलं.

हणमंतरावांनी पेनाकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि खिसे चाचपले.

“सही नंतर करतो. चष्मा घरी राहिलाय.”

“तरीच म्हटलं, मालक,” मामू म्हणाले, “तुम्हाला खड्डे कसे दिसत नाहीत!”