भानजीची वाकडी रेघ

सांगा बरं, विश्वास कुणावर टाकावा? गोड बोलून तुमच्या डोक्यावरचं ओझं उचलतो म्हणणाऱ्यावर, की कडू बोलून ते पुन्हा तुमच्याच डोक्यावर ठेवणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी कथा ऐका.

एका राज्यात एक भिंत होती. वर्षभरात जे जे मरण पावत, त्यांचे चेहरे वर्षाच्या शेवटच्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, तिच्यावर काढत. ज्याचा चेहरा राहून जाई तो सगळ्यांच्या मनातून पुसला जाई; आईलासुद्धा आपलं लेकरू आठवत नसे. भिंतीचा गुणच तसा.

हे चेहरे काढी हेमाई, आणि तिचे रंग घोटी तिचा नवरा भानजी. तिथली रीत अशी, की चित्राची पहिली रेघ रंग घोटणाऱ्यानं ओढायची. रंग त्याचा, तेव्हा तो कसा उतरतो हेही आधी त्यानंच पाहायचं. भानजीचा हात घोटण्यात जितका पक्का, तितका रेघेत कच्चा.

"अहो, ही रेघ आहे की गोगलगाय चालून गेली?" हेमाई म्हणे.

"सरळ करायला तू आहेस की," भानजी म्हणे.

मग तीच वाकडी रेघ धरून हेमाई कुणाची भुवई काढी, कुणाची हनुवटी.

त्या वर्षी तापानं भानजी गेला. हेमाई रडून रडून खंगली. तेव्हा दारात मोहनाथ नावाचा जादूगार आला, हातात चांदीची डबी.

"बाई, तुमचं दुःख या डबीत टाका. मी नेतो."

"नेऊन काय करणार?"

"ते माझं मी बघेन. मोबदला नको, फुकट नेतो."

बाजारात बसणारा कुणीही सांगेल, फुकट उचलून नेणाऱ्याला मालाची किंमत तुमच्याहून जास्त ठाऊक असते. पण रडून थकलेल्या माणसाला बाजार कुठला आठवायला! हेमाईनं मान हलवली. मोहनाथानं डबी तिच्या कपाळाला लावली, झाकण बंद केलं आणि गेला.

हेमाई जेवू लागली, झोपू लागली, शेजारणींच्या थट्टेला हसू लागली. कुंचला मात्र खुंटीवरच राहिला.

राजा विजयध्वजानं तिला बोलावलं. "हेमाई, वर्ष सरत आलं. यंदाची भिंत कोरीच राहणार का?"

"महाराज, हात धड आहे. काढावंसंच वाटत नाही."

"आज्ञा केली तर?"

"आज्ञेनं हात हलेल. चेहरा उमटणार नाही."

राजानं तिला जाऊ दिलं. त्याची आई त्याच वर्षी वारली होती.

हेमाई घरी आली. वळचणीला एक साळुंकी राहत असे, जिभेची मोठी तिखट. ती म्हणाली, "काय गं, भानजीचे डोळे कसे होते?"

हेमाई सांगायला गेली. आठवेना.

"दुःखासोबत आज डोळे गेले. उद्या आवाज जाईल. छान हलकी झालीस हो! कापसाचं पोतं नुसतं!"

मोहनाथानं दुःख नेलं होतं, भीती नेली नव्हती. हेमाईनं घाबरून विचारलं, "काय करू?"

"तीन कामं. नागडोंगरावरचा गेरू आण. रडत्या बाभळीचा डिंक आण. मग रंग स्वतः घोट आणि पहिली रेघ ओढ."

नागडोंगरावर गेरूच्या खाणीत नाग बसला होता. त्यानं फणा काढला. "कुणासाठी नेतेस?"

"गेलेल्या नवऱ्यासाठी."

"मग डोळे कोरडे कसे?"

"दुःख एकाला दिलंय."

नागानं फणा मिटला. "ने गेरू. तुला डसण्यासारखं तुझ्यात काही उरलेलं नाही."

बाभळीनं मात्र डिंकाचा थेंब दिला नाही. "मी सोबतीनं रडते," बाभूळ म्हणाली. "सुरुवात तू कर."

"रडायला माझ्याजवळ काही नाही."

"मग जिथं ठेवलंस तिथून आण."

हेमाई माग काढत मोहनाथाच्या गुहेत गेली. गुहेत माणकांची रास लखलखत होती. लोकांकडून नेलेली दुःखं डब्यांत पडून माणकं झाली होती, आणि त्यांच्या उजेडात मोहनाथ अमर होऊन बसला होता.

"घेऊन जा तुझं," तो हसला. "पण दुसऱ्याचं उचललंस, तर तेच जन्मभर वाहशील."

हेमाईनं माणकं निरखली. एकाहून एक निर्मळ. तळाशी एक मळकट माणिक होतं, त्याच्या पोटात वाकडी रेघ. तिला काही आठवलं नाही. पण बोटं आपोआप हलली. ही रेघ इथं जरा वळवली तर... इथं थोडी उचलली तर... कितीतरी दिवसांनी तिच्या हाताला भूक लागली.

"अगं, ते डागी आहे," मोहनाथ घाईनं म्हणाला. "त्यापेक्षा हे बघ, निर्दोष!"

"हेच," हेमाई म्हणाली आणि मूठ आवळली.

दुःख असं कोसळलं की ती खालीच बसली. आणि डोळे आठवले: हसताना भानजीचा डावा डोळा उजव्याहून बारीक होई. ती तशीच रडत बाभळीपाशी आली. बाभूळ तिच्याबरोबर रडली. पदर डिंकानं भरला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती भिंतीपुढे बसली. रंग घोटला. घोटणाराच पहिली रेघ ओढतो, म्हणून तिनं ओढली. हुंदक्यानं हात हलला.

बघायला आलेला राजा हळूच म्हणाला, "हेमाई, रेघ वाकडी झाली."

"होऊ द्या, महाराज. ती त्यांची आहे."

ती रेघ तिनं सरळ केली नाही. तिच्यातूनच डावा डोळा काढला, जरा बारीक, हसरा. मग राजाची आई काढली, मग कुंभाराचं लेकरू, मग सगळेच. सूर्य टेकला तेव्हा भिंतीवर जागा उरली नव्हती.

चेहरे उमटले तसं तिकडे गुहेत माणकांचं पाणी झालं. ज्याचं दुःख त्याच्या घरी परतलं. मोहनाथाच्या हाती रिकाम्या डब्या आणि पांढरे केस उरले. त्या संध्याकाळी अवघं नगर रडलं, आणि मग घरोघर दिवे लागले, चुली पेटल्या. हेमाईनं कुंचला धुतला आणि उद्यासाठी गेरू भिजत घातला.

आता माझी एवढीच विनंती. आपल्या जन्माचा हिशेब चोख ठेवा. मिळालेलं मांडा, तसं गेलेलंही मांडा. गेलेलं खोडून टाकलं, की मिळालेलंही खरं राहत नाही.